खिसा नसलेल्या बाईसाठी पिस्तूल

ह्यूस्टन
३ सप्टेंबर २०२३

प्रिय अक्का,

नमस्कार. तू बरी आहेस असं तू सांगणारच, म्हणून विचारत नाही.

चोळपुरमहून साईरामचा फोन आला होता. तुझ्या नेहमीच्या ऑटोवाल्या मणीला जीपने उडवलं, तो गेला, तू ते डोळ्यांनी पाहिलंस, पोलिसांत जबाब दिलास आणि आता तुझ्या दारात माणसं येऊन उभी राहतात. हे सगळं मला चुलतभावाकडून कळतं. सख्खा भाऊ बहुधा शोभेपुरता ठेवला आहेस.

फोनवर हा विषय नको, साईराम एकदा ऐकतो आणि दहा जणांना ऐकवतो. म्हणून मेलने लिहितोय, पण पत्र समजून वाच. मुद्दा एकच. तू पिस्तुलाचा परवाना काढ. एन.सी.सी.ची अधिकारी होतीस, कॉलेजच्या मुलींना रायफल शिकवलीस, तुझ्या हाताला हे नवीन नाही.

मी इथे वर्षभर खिशात बाळगतोय, म्हणून अनुभवाने सांगतो. खिशात मावणारे तीन प्रकार. पहिलं छोटं रिव्हॉल्व्हर. गोळ्या पाचच, मधे जाड, पण कधी अडकत नाही आणि घोडा ओढायला जड, त्यामुळे चुकून सुटत नाही. मागचा हातोडा झाकलेलाच घ्यायचा, नाहीतर काढताना खिशाच्या अस्तरात अडकतो. दुसरं चपटं तीनशेऐंशी बोअरचं पिस्तूल. पाकिटासारखं बसतं, गोळ्या जास्त, पण हाताला झटका देतं आणि वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो. तिसरं बावीस बोअरचं. अगदी खेळण्यासारखं, झटका नाही, पण समोरच्याला लागलं की तो आधी रागावणार आणि मग पडणार. मी दुसरं घेतलं. तू पहिलं घे.

गायत्रीचा नमस्कार.

तुझा,
रघू

*

कुंभकोणम्
१० सप्टेंबर २०२३

रघू,

आशीर्वाद. गायत्रीला सांग, ती नाशिकची, तिला हसू येऊ नये म्हणून तिच्याकडच्या मराठीत लिहिते आहे. आमच्या घरची तंजावरी मराठी आता फक्त तुला आणि मेलेल्यांना कळते.

तुझं पत्र वाचून फार धीर आला. माणूस मरताना पाहिल्यावर मला नेमकं हेच हवं होतं, पिस्तुलांचा तौलनिक अभ्यास.

काय घडलं ते माझ्याकडून ऐक. साईरामकडून परत येत होते. वाटेत चाक बसलं. मणी ते बदलत होता आणि मी बाजूला झाडाखाली उभी राहून त्याला नेहमीप्रमाणे चुका सांगत होते. तो म्हणाला, "अम्मा, कॉलेज सुटून चार वर्षं झाली, आता तरी वर्ग घेऊ नका." तेवढ्यात पांढरी जीप आली. मणीला आणि ऑटोला घेऊन पुढे गेली, मग थांबली. चालवणाऱ्याने खाली उतरून मागे पाहिलं. राइस मिलवाल्या रत्नवेलचा मुलगा, सूर्या. त्याला मी ओळखते, कारण कॉलेजच्या वार्षिक समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून त्यानेच मला निरोपाची शाल पांघरली होती. त्यानेही मला ओळखलं. मग गाडीत बसून निघून गेला. तेवढी शालीनता त्याच्यात होती, नमस्कार केला नाही.

संध्याकाळी मिलचा म्हातारा ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर. "साहेब, मी चालवत होतो." पोलिसांना किती हायसं वाटलं असेल! मी जाऊन सांगितलं की हा माणूस त्या गाडीत नव्हताच. त्यामुळे सगळ्यांचाच दिवस वाईट गेला.

तिथेच रस्त्याच्या पलीकडे जानकीरामचं कापीचं (गायत्रीसाठी: कॉफीचं) दुकान आहे. आपल्याच गल्लीतला, दोन घरं सोडून राहणारा. त्याने पोलिसांना सांगितलं की तो दुधाकडे बघत होता. त्या दिवशी त्या दुधाने उतू जायला फारच वेळ घेतलेला दिसतो.

आता संध्याकाळी दोघं मोटारसायकलवरून येतात, दारासमोर थांबतात आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पेन्शनर बाईची एवढी विचारपूस आख्ख्या कुंभकोणमात कुठेच होत नसेल.

आणि तुझी खिशातली पिस्तुलं. रघू, मी नऊवारी सोडून सहावारीवर आले, पण खिसा कोणत्याच साडीला नसतो. माझ्याजवळ बाजाराची पिवळी कापडी पिशवी आहे. पडवळाखालून रिव्हॉल्व्हर काढेपर्यंत ते दोघं कापी पिऊन येतील. आमच्या देवळातल्या शार्ङ्गपाणीने धनुष्य सगळ्या गावाला दिसेल असं धरलंय. लपवून बाळगायची बुद्धी त्याला झाली नाही, म्हणून तर देव राहिला.

अक्का

*

ह्यूस्टन
१६ सप्टेंबर २०२३

प्रिय अक्का,

थट्टा कर, पण अर्ज कर. साडीचा प्रश्न मी इथल्या बंदुकीच्या दुकानात विचारला. घोट्याला बांधायचा पट्टा मिळतो. पोटाला बांधायचा रुंद पट्टाही मिळतो, त्यात चपटं पिस्तूल बसतं. पर्स नको, पर्स आधी हिसकावतात.

एक गोष्ट मी पहिल्यांदा लिहायची विसरलो. खिशात पिस्तूल नुसतं टाकायचं नसतं. घोडा झाकणारं कातडी कव्हर हवं. मी आणलंय, पण त्याने पँट फुगते आणि गायत्री विचारते, "खिशात काय आहे?" तिला अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे सध्या कव्हर मोटारीत असतं.

सराव म्हणून मी आरशासमोर उभा राहून काढतो. पहिल्यापेक्षा बराच चपळ झालोय. इथे मागच्या वर्षी आमच्या घराजवळच्या पेट्रोलपंपावर लुटालूट झाली तेव्हापासून हे चाललंय. माणसाने तयार असावं, अक्का.

रघू

*

कुंभकोणम्
१२ डिसेंबर २०२३

रघू,

आशीर्वाद. मधे बरेच दिवस गेले, रागावू नकोस. हे एका हाताने टाईप करते आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. पायरीवरून घसरले, तो विषय इथेच संपला.

तुझ्या समाधानासाठी तिरुचीला जाऊन बंदुकीच्या दुकानात बसून आले. दुकानदार म्हातारा, सभ्य. मी म्हटलं, "खिशात मावेल असं दाखवा." त्याने आधी माझी साडी पाहिली, मग छताकडे पाहिलं. तुझ्या तीनशेऐंशीचं स्वप्न इथे चालत नाही, ते माप फौजेचं. आम्हाला बत्तीस. सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्या, वजनाला आपल्या पितळी समईएवढं. मग बत्तीसचंच पिस्तूल, जरा चपटं, पण ओढायला दोन माणसं लागतील. आणि बायकांसाठी म्हणून एक हलकं, दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत. उघडलं की वाटावं, आता कोणीतरी हळदीकुंकू लावणार. मी ते रिकामं आहे ना ते पाहिलं, चक्र फिरवलं, नेम धरला. म्हातारा एकदम सरळ बसला आणि त्याने कापी मागवली. माझं मत विचारशील तर तिन्हींमध्ये कापी सर्वांत चांगली होती.

तरी अर्ज दिला. चौकशीला इन्स्पेक्टर घरी आले. संभाषण तुला हवं असेल:

"मॅडम, पिस्तूल कशाला?"

"जिवाला धोका आहे."

"कोणाकडून?"

"खटल्यात मी साक्षीदार आहे. आरोपीची माणसं रोज दारात येतात."

"साक्ष द्यायलाच हवी का? नाही दिली तर धोका नाही. धोका नाही तर पिस्तूल नको. सरकारचा कागद वाचेल."

मी म्हटलं, "एवढी सोपी उपाययोजना मणीला कोणी सुचवली असती तर तो चाक बदलायला उतरलाच नसता." त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मणीची बायको सेल्वी येऊन जाते. ती काही मागत नाही. "अम्मा, तुम्ही सांगणार ना?" एवढंच विचारते. मी हो म्हणते. मग ती माझी भांडी घासू लागते आणि आमचं भांडण होतं.

अक्का

*

ह्यूस्टन
२ जानेवारी २०२४

प्रिय अक्का,

पायरीला कठडा लावून घे, वय झालं आपलं. साईरामला सांगतो, सुतार पाठवेल.

मनगटाचं ऐकून मी सल्ला बदलतोय. आता रिव्हॉल्व्हर नको, घोडा जड पडेल. बावीसचं एक येतं, त्याची नळी वर उचलून गोळी घालायची, वरचा भाग ओढावा लागत नाही. संधिवाताची माणसं इथे तेच घेतात. तिकडे तसं मिळतं का विचार.

रघू

*

कुंभकोणम्
२० फेब्रुवारी २०२४

रघू,

सुतार आला होता. त्याने पायरी पाहिली आणि म्हणाला, "अम्मा, या एका पायरीवरून कोण पडतं?" हुशार माणूस. इन्स्पेक्टर त्यालाच करायला हवं होतं.

परवान्याचं उत्तर आलं. अर्जदारास नजीकचा धोका दिसून येत नाही, म्हणून नामंजूर. इतक्या अधिकृतपणे मला कोणीच कधी सुरक्षित म्हटलं नव्हतं. कागद देवघरात ठेवलाय.

अक्का

*

ह्यूस्टन
२९ मे २०२४

पूज्य अक्का,

साष्टांग नमस्कार. मी गायत्री. तुम्हाला पहिल्यांदाच असं एकटी लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही.

ह्यांनी तुम्हाला पाय मुरगळल्याचं कळवलं ना? तो मुरगळलेला नाही. गोळी लागली आहे. स्वतःचीच.

मार्चमध्ये साईराम भावोजींनी खरं सांगितलं, की तुम्ही पायरीवरून पडला नव्हतात. बाजारातून येताना त्या मोटारसायकलवाल्यांनी पिशवी ओढून तुम्हाला पाडलं. त्या दिवसापासून हे बदलले. बोलेनात. जेवताना दाराकडे तोंड करून बसायचे. रस्त्यात मोटारसायकलचा आवाज आला की हात खिशात. मला वाटायचं, किल्ल्या चाचपतात.

गेल्या महिन्यात आम्ही सामान घेऊन दुकानातून बाहेर आलो. मागून एक माणूस धावत आला. "सर! सर!" ह्यांनी वळतावळता खिशात हात घातला. पिस्तुलाला कव्हर नव्हतं, किल्ल्यांचा जुडगा घोड्यात अडकला, आणि खिशातच गोळी सुटली. मांडीच्या मांसातून आरपार गेली, हाड वाचलं. तो माणूस ह्यांचं पडलेलं पाकीट द्यायला आला होता. त्याने आपला शर्ट काढून ह्यांच्या मांडीला बांधला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाबून धरला. अक्का, तो माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला होता आणि मला एकच दिसत होतं, की नळी जरा वर असती तर हा आता इथे आडवा असता.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. जखम भरतेय. पण हे मला म्हणाले, "माझ्या बहिणीला तिकडे ढकललं आणि मी इथे बसून पिस्तुलांच्या तुलना लिहीत होतो." मग भिंतीकडे वळून पडून राहिले. तुम्ही लिहा. तुमचं टोचून बोलणं ह्यांना औषधासारखं लागू पडतं.

तुमची,
गायत्री

*

कुंभकोणम्
१ जून २०२४

रघू,

गायत्रीने सगळं लिहिलं. तिच्यावर चिडलास तर तुझा दुसरा पाय मी येऊन बघेन.

तू तयार माणूस, आरशासमोर चपळ झालेला. साऱ्या अमेरिकेत तुला निशाण्यावर घ्यायला एकच माणूस सापडला, आणि तोही तू.

आता नीट ऐक. मनगटाचं मी खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू विमानात बसला असतास किंवा वेडा झाला असतास. विमानाचा धोका टळला. त्या दोघांनी मला पाडलं तेव्हा माझ्याजवळ रिव्हॉल्व्हर असतं तर काय झालं असतं याचा मी पुष्कळ विचार केला. मी रेंजवर वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले की आपल्या गोळीच्या मागे काय आहे ते आधी बघा. त्या दोघांच्या मागे भाजीवाली बसली होती, आणि तिच्या मागे शाळेची बस.

मला भीती वाटते. रोज वाटते. ती मला इथे वाटू दे. माझी भीती तू तिकडे खिशात घालून हिंडू नकोस, तिचं ओझं तुला पेलत नाही. ते पिस्तूल विकून टाक आणि त्या शर्टवाल्या माणसाला शर्ट घेऊन दे.

अक्का

*

ह्यूस्टन
८ जून २०२४

अक्का,

विकलं. दुकानदाराने विचारलं, "काही तक्रार?" मी म्हटलं, "पिस्तुलाबद्दल नाही."

शर्ट दिला. त्याचं नाव करण, तो भूजचा निघाला, इथे ट्रक चालवतो. त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. मी त्याच्या घरात बसून त्याच्या आईच्या हातची खिचडी खाल्ली.

तू साक्ष देऊ नकोस असं मी म्हणणार होतो. म्हणत नाही.

रघू

*

कुंभकोणम्
२३ नोव्हेंबर २०२४

रघू,

आशीर्वाद. साक्ष झाली. तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या की मला वाटलं, मणीपाठोपाठ मीही जाईन आणि वर दोघं मिळून साक्ष देऊ.

सेल्वी मला न्यायला आली होती. पिंजऱ्यात उभी राहिले आणि कठडा धरला. सूर्या समोर पांढऱ्या शर्टात, कपाळाला विभूती. इतका भाविक चेहरा, की वाटावं जीपच खोटं बोलते आहे.

जे पाहिलं ते सांगितलं. मग त्यांचे वकील उठले. आवाज तुपात तळलेला.

"मॅडम, आपण पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता?"

"केला होता."

"म्हणजे आपण भित्र्या आहात."

"हो."

त्यांना 'नाही' हवं होतं. जरा गडबडले. "भ्यालेल्या माणसाला भलतंच दिसतं, खरं ना?"

मी म्हटलं, "मला भीती वाटायला लागली ती तुमच्या अशिलाची माणसं घरी येऊ लागल्यावर. गाडी त्याआधी दिसली होती. तेव्हा मी नुसती मणीच्या चुका काढत उभी होते."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी वर पाहिलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "हे असंच्या असं उतरवा."

वकिलांनी चष्मा काढला, कॉलेज काढलं, माझं लग्न न होणं काढलं. त्याचा जीपशी काय संबंध हे त्यांनाच माहीत. मी म्हटलं, "लग्न झालं असतं तरी त्या दिवशी चालवत हाच होता."

बाहेर आले तर पायऱ्यांवर जानकीराम. तो ऐकायला म्हणून मागे बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, दूध केव्हाच उतरवून झालं होतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." तो म्हणाला, "माझी मुलगी कॉलेजला त्याच रस्त्याने जाते." मी म्हटलं, "तेही माहीत आहे." तो दोन पायऱ्या उतरला, परत चढला. मग विचारलं, "आता सांगितलं तर चालतं का?"

मी त्याला धीर दिला नाही. माझ्याजवळ स्वतःपुरताही शिल्लक नव्हता. फक्त सरकारी वकिलांची खोली दाखवली. तो आत गेला.

अक्का

*

कुंभकोणम्
१४ जून २०२५

रघू,

आशीर्वाद. निकाल लागला. जानकीरामची साक्ष कोर्टाने घेतली, त्याने मान खाली घालून पण शेवटपर्यंत सांगितलं. म्हातारा ड्रायव्हरही शेवटी रडला आणि म्हणाला की त्याला ती गाडी चालवताच येत नाही. सूर्याला शिक्षा झाली. त्याच आठवड्यात अपील झालं, आणि जामीनही झाला. आपली न्यायालयं संथ आहेत असं म्हणणाऱ्यांची जीभ झडो.

सेल्वीला मी म्हटलं, "एवढंच मिळालं गं." ती म्हणाली, "अम्मा, माझ्या मुलींना शाळेत म्हणायचे, तुमचा बाप दारू पिऊन रस्त्यात बसला होता. आता कागदावर लिहिलंय, की तो चाक बदलत होता." मला वाटलं होतं, ती शिक्षेसाठी थांबली आहे.

ते दोघं काल परत आले. बहुधा सूर्या घरी आल्याची गोड बातमी द्यायला. ऊन उतरलं होतं, मी दारात रांगोळीचं पीठ घेऊन वाकले होते. मोटारसायकल थांबली. मागे बसलेला म्हणाला, "काय मॅडम, तब्येत?"

माझं मनगट आपोआप छातीशी गेलं.

तेवढ्यात जानकीराम घरातून बाहेर आला. हातात काही नाही, अंगात बनियनही नाही, कमरेला नुसती वेष्टी. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने विचारलं, "कोण पाहिजे?" तोंड फिरवून दोघं हसले. तर समोरच्या घरातला शिवणयंत्राचा आवाज थांबला आणि सुब्बलक्ष्मी दारात. तिनेही विचारलं, "कोण पाहिजे?" मग तिच्या शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांना ऐकू येत नाही, ते कोणाला काय विचारत होते देव जाणे, पण तेही येऊन उभे राहिले. मग एकेक दार. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. सगळे आपले विचारत होते, कोण पाहिजे, कोण पाहिजे.

त्यांनी गाडी वळवली. एकदा बंद पडली, परत चालू केली आणि गेले.

कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. सुब्बलक्ष्मी आत गेली, यंत्र पुन्हा सुरू झालं. जानकीराम म्हणाला, "अक्का, कापी पाठवतो." मी काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "पाठव."

मी रांगोळी पुरी केली. मग आत आले, दार लावलं, आणि मणी गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

तुझी,
अक्का